घटना लिहिणारे लोकसभेत का पोहोचले नाहीत?

भारताची घटना ज्यांनी लिहिली, ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर निवडणुकीत हरले कसे? शाळकरी मुलांपासून पारावरच्या म्हाताऱ्यांपर्यंत हा प्रश्न सगळे विचारतात. उत्तरंही तयार असतात. कुणी म्हणतं काँग्रेसने पाडलं, कुणी म्हणतं लोकांना किंमत कळली नाही. भंडारा जिल्ह्यातल्या वाचकाला तर या प्रश्नापासून लांब राहताच येत नाही. बाबासाहेब लोकसभेची शेवटची निवडणूक इथूनच लढले आणि हरले. वर्ष होतं 1954. आज तुमसर तालुक्यात राज्याच्या सीमेलगत असलेलं बपेरा तेव्हा सीमेवरचं गाव नव्हतं. भंडारा आणि पलीकडचं बालाघाट हे दोन्ही जिल्हे मध्य प्रदेशातच होते आणि त्या राज्याची राजधानी होती नागपूर.

या प्रकरणात त्या पराभवाची यंत्रणा उलगडायची आहे. निवडणुकीत माणसं उभी राहतात हे खरं, पण मतं कशी द्यायची आणि कशी मोजायची हे नियम ठरवतात. 1954 चे नियम आजच्यासारखे नव्हते. ते समजल्याशिवाय भंडाऱ्याचा निकाल समजत नाही.

1. लोकसभेआधीची पंचवीस वर्षं

बाबासाहेबांचं नाव घेतलं की घटना आणि चळवळ आठवते. पण ते पक्के संसदपटू होते आणि ती तालीम फार जुनी होती. 1927 च्या सुरुवातीला ते मुंबई विधान परिषदेत सरकारनियुक्त सदस्य म्हणून बसले. पहिल्याच अर्थसंकल्पावर त्यांनी आकडे हातात घेऊन भाषण केलं. कर कुणाकडून गोळा होतो आणि खर्च कुणावर होतो, असा त्यांचा रोख होता. पुढच्याच वर्षी त्यांनी महार वतनाच्या कायद्यात दुरुस्ती सुचवणारं विधेयक आणलं. वतन म्हणजे गावकीची पिढीजात कामं आणि त्याबदल्यात मिळणारी थोडी जमीन व बलुतं. हा मोबदला कामाच्या मानाने नगण्य होता आणि माणूस मात्र चोवीस तास बांधलेला राहत होता, असं त्यांचं म्हणणं होतं.

1937 मध्ये ते स्वतंत्र मजूर पक्षातर्फे मुंबई विधानसभेवर निवडून आले आणि त्याच वर्षी कोकणातली खोती, म्हणजे मध्यस्थ खोतांकडून होणारी सारावसुली, रद्द करण्याचं विधेयक मांडलं. सावकार, खोत आणि मधले दलाल यांच्या तावडीतून कुळं सोडवणं हा त्यांच्या राजकारणाचा मोठा भाग होता. तो फारसा सांगितला जात नाही याची मला नेहमीच खंत वाटते.

1942 ते 1946 या काळात ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. हा काळ भंडाऱ्याच्या वाचकाने जरा थांबून पाहावा. तुमसर तालुक्यात चिखला आणि डोंगरी बुजुर्ग इथे मँगनीजच्या खाणी आहेत. खाणीत राबणाऱ्या बायांना बाळंतपणाचा भत्ता मिळावा यासाठी असलेल्या कायद्यात याच मजूर सदस्याने दुरुस्ती मांडली. कारखान्यात आठ तासांचा दिवस असावा, यासाठीही मजूर सदस्य म्हणून त्यांनी प्रयत्न केले. आपल्याकडे कायदा म्हटलं की कोर्ट-कचेरी डोळ्यांपुढे येते. बाबासाहेबांच्या डोळ्यांपुढे पाटी डोक्यावर घेतलेली बाई होती.

2. घटना समितीत शिरतानाच अडथळा

1946 मध्ये घटना समितीच्या जागा प्रांतिक विधानसभांच्या सदस्यांनी भरायच्या होत्या. मुंबई प्रांतात शेड्युल्ड कास्ट फेडरेशनकडे, म्हणजे शेकाफेकडे, पुरेशी मतं नव्हती. हा पक्ष जुलै 1942 मध्ये नागपूरच्या परिषदेत स्थापन झाला होता आणि विदर्भात त्याची मुळं खोल होती, पण मुंबईच्या विधानसभेत त्याचं बळ नव्हतं. शेवटी शेकाफेचे बंगालमधले नेते जोगेंद्रनाथ मंडल यांच्या मदतीने बाबासाहेब बंगालमधून निवडून गेले. फाळणीने ती जागाही गेली. मग बॅरिस्टर जयकरांनी रिकामी केलेल्या मुंबईच्या जागेवर जुलै 1947 मध्ये काँग्रेसच्या पाठिंब्याने त्यांची निवड झाली. 29 ऑगस्ट 1947 रोजी मसुदा समिती नेमली गेली आणि ते तिचे अध्यक्ष झाले.

म्हणजे घटना लिहिण्याच्या खुर्चीपर्यंत ते आपल्या पक्षाच्या मतांवर पोहोचलेच नव्हते. हे त्यांना पुरतं ठाऊक होतं. विद्वत्ता असली तरी मतं लागतात आणि मतं मोजायची रीत लागते, हा धडा त्यांना तेव्हाच मिळाला होता.

नंतरचं बऱ्याच जणांना माहीत आहे. हिंदू कोड बिल रखडलं आणि 27 सप्टेंबर 1951 रोजी त्यांनी कायदामंत्रीपदाचा राजीनामा दिला. 10 ऑक्टोबरला ते सभागृहात निवेदन करायला उभे राहिले, तेव्हा उपसभापतींनी निवेदनाची प्रत आधी मागितली. बाबासाहेब निवेदन न करता बाहेर पडले आणि ते त्यांनी वर्तमानपत्रांना दिलं.

3. एका मतदारसंघात दोन खासदार

आता यंत्रणेकडे वळू. 1952 च्या पहिल्या लोकसभेत 489 जागांसाठी 401 मतदारसंघ होते. त्यांपैकी 86 मतदारसंघ दुहेरी होते. दुहेरी म्हणजे एकाच मतदारसंघातून दोन खासदार निवडायचे. एक जागा सर्वसाधारण, दुसरी अनुसूचित जाती किंवा जमातीसाठी राखीव. मतदार मात्र सगळे एकच. प्रत्येकाला दोन मतं होती, पण दोन्ही एकाच उमेदवाराला देता येत नसत.

मतदानही आजच्यासारखं नव्हतं. मतपत्रिकेवर शिक्का मारायचा नव्हता. पडद्याआड प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी ठेवलेली असे आणि पेटीवर त्याची निशाणी चिकटवलेली. काँग्रेसची बैलजोडी, शेकाफेचा हत्ती. मतदाराच्या हाती दोन मतपत्रिका पडत. त्या दोन वेगवेगळ्या पेट्यांत टाकायच्या. दोन्ही एकाच पेटीत गेल्या तर एक बाद होई.

निकालाचा नियम लक्षपूर्वक वाचावा, कारण सगळी गंमत तिथेच आहे. आधी राखीव जागा भरायची. अनुसूचित जातीच्या उमेदवारांत ज्याला सर्वांत जास्त मतं, तो राखीव जागेवर निवडून आला. मग उरलेल्या सगळ्या उमेदवारांकडे पाहायचं, त्यात हरलेले अनुसूचित जातीचे उमेदवारही धरायचे, आणि ज्याची मतं सर्वांत जास्त तो दुसऱ्या जागेवर निवडून आला. सर्वसाधारण जागा सगळ्यांसाठी खुली होती. 1957 मध्ये आंध्रातल्या पार्वतीपुरम मतदारसंघात दोन्ही जागा अनुसूचित जमातीच्या उमेदवारांनी जिंकल्या आणि पुढे राष्ट्रपती झालेले व्ही. व्ही. गिरी हरले. गिरी सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. न्यायालयाने निकाल कायम ठेवला.

बाबासाहेब 1952 मध्ये उत्तर मुंबई या अशाच दुहेरी मतदारसंघातून उभे होते. समाजवादी पक्षाचे अशोक मेहता सर्वसाधारण जागेचे उमेदवार आणि बाबासाहेब राखीव जागेचे, अशी युती होती. दोघेही हरले. काँग्रेसचे नारायण काजरोळकर साडेचौदा हजारांच्या आसपास मतांनी पुढे गेले. त्या मतदारसंघात 74 हजारांवर मतं बाद झाली होती. दुसरं मत वाया घालवा असा प्रचार विरोधकांनी केला, अशी तक्रार करत बाबासाहेब आणि मेहता यांनी निवडणूक याचिका दाखल केली. तिचा उपयोग झाला नाही. मार्च 1952 मध्ये बाबासाहेब मुंबई राज्यातून राज्यसभेवर निवडून गेले.

4. विड्यांचा करार आणि एका अर्जाचा प्रश्न

भंडाऱ्यात पोटनिवडणूक लागली कशी, ही हकिगत या जिल्ह्याच्या मातीतली आहे. 1952 मध्ये भंडारा या दुहेरी मतदारसंघातल्या दोन्ही जागा काँग्रेसला मिळाल्या होत्या. सर्वसाधारण जागेवर गोंदियाचे चतुर्भुज जसानी आले. तेव्हा गोंदिया भंडारा जिल्ह्यातच होतं, वेगळा जिल्हा 1999 मध्ये झाला. जसानी हे मूलजी सिक्का आणि कंपनी या विडी कारखानदारी करणाऱ्या पेढीचे भागीदार होते. ही पेढी लष्कराच्या कँटीन स्टोअर्सला विड्या पुरवत असे.

कायद्याचं म्हणणं असं की, सरकारला माल पुरवण्याच्या करारात ज्याचा हितसंबंध आहे त्याला खासदार होता येत नाही. कारण उघड आहे. खासदाराचं काम सरकारवर नजर ठेवण्याचं. तोच सरकारचा पुरवठादार असेल तर नजर कशी ठेवणार? हा नियम आजही लोकप्रतिनिधित्व कायद्यात आहे. गावपातळीवर ग्रामपंचायतीच्या कामाचा ठेका सदस्याने घेऊ नये, असं आपण म्हणतो ते याच कारणाने.

जसानींच्या निवडीला याच मुद्द्यावर न्यायालयात आव्हान दिलं गेलं. त्या खटल्यात दुसरा प्रश्नही होता आणि तो माझ्या मते पहिल्याहून मोलाचा आहे. राखीव जागेसाठी गंगाराम ठवरे यांनी अर्ज भरला होता. तो फेटाळला गेला. कारण असं दिलं की त्यांनी महानुभाव पंथ स्वीकारला आहे, त्यामुळे ते महार राहिले नाहीत. विदर्भात महानुभावांची परंपरा किती जुनी, हे वाचकाला सांगायला नको. पंथ बदलला म्हणून जात सुटते का?

15 फेब्रुवारी 1954 रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. निकालपत्र न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांचं. ते आधी नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती होते, त्यामुळे हा मुलूख त्यांच्या ओळखीचा. त्यांनी तीन गोष्टी तपासायला सांगितल्या. जुन्या समाजाने त्या माणसाला कसं वागवलं, त्या माणसाचा स्वतःचा हेतू काय होता आणि नव्या पंथाचे नियम काय म्हणतात. या कसोटीवर ठवरे महारच राहिले होते, म्हणून त्यांचा अर्ज चुकीने फेटाळला गेला, असं न्यायालयाने ठरवलं. विड्यांच्या करारामुळे जसानी अपात्र ठरले. भंडाऱ्याची संपूर्ण निवडणूक रद्द झाली आणि दोन्ही जागा रिकाम्या झाल्या.

5. दोन मतांचा हिशेब

मे 1954 मध्ये पोटनिवडणूक झाली. मेहता आता प्रजा समाजवादी पक्षाचे. मुंबईचीच युती भंडाऱ्यात उतरली, सर्वसाधारण जागेला मेहता आणि राखीव जागेला बाबासाहेब. काँग्रेसकडून पूनमचंद रांका आणि भाऊराव बोरकर. बाबासाहेबांची प्रकृती तेव्हा चांगली नव्हती, तरी ते भंडाऱ्यात आले, सभा घेतल्या आणि नेहरू सरकारच्या परराष्ट्र धोरणावर व कारभारावर सडकून टीका केली. भर उन्हाळ्यात भंडारा जिल्ह्यात प्रचार करणं म्हणजे काय, हे इथल्या माणसाला सांगावं लागत नाही.

आता एक छोटं गणित करू. आकडे माझे आहेत, फक्त समजण्यासाठी. समजा, बपेऱ्याच्या मतदान केंद्रावर 100 मतदार आले. 46 काँग्रेसचे. त्यांनी एक मत रांकांना आणि एक बोरकरांना दिलं. उरलेले 54 युतीचे, त्यांत 30 समाजवादी आणि 24 शेकाफेचे. शेकाफेच्या 24 जणांनी शिस्तीने दोन्ही मतं युतीला दिली. समाजवाद्यांतल्या 24 जणांनीही तसंच केलं. पण 6 जणांनी मेहतांना मत दिलं आणि दुसरं मत बाबासाहेबांच्या पेटीत न टाकता बोरकरांच्या पेटीत टाकलं. मोजणी करा. मेहता 54, बोरकर 52, बाबासाहेब 48, रांका 46. राखीव जागा बोरकरांना, सर्वसाधारण मेहतांना. युतीचा एक आला, एक पडला. शंभरांतल्या अवघ्या सहा जणांनी हात आखडता घेतला आणि निकाल ठरला.

आता दुसरी शक्यता पाहा. शेकाफेच्या 24 जणांनी ठरवलं की आपलं एकच मत बाबासाहेबांना द्यायचं आणि दुसरं कुणालाच नाही. मग मेहतांची मतं 54 वरून 30 वर येतात. बोरकर 52 वर राखीव जागा घेतात. उरलेल्यांत बाबासाहेब 48, रांका 46, मेहता 30. सर्वसाधारण जागेवर बाबासाहेब निवडून येतात! मित्रपक्षाचा बळी देऊन आपला माणूस लोकसभेत धाडण्याची ही वाट कायद्याने मोकळी होती.

कार्यकर्त्यांच्या हे लक्षात आलं होतं. दुसरं मत कुजवावं अशी सूचना बाबासाहेबांपुढे आली आणि त्यांनी ती ठामपणे नाकारली, असं त्यांच्या चरित्रांत आणि जुन्या कार्यकर्त्यांच्या आठवणींत सांगितलं जातं. पडलो तरी चालेल, पण मत वाया घालवायला सांगणार नाही, हा त्यांचा पवित्रा. मुंबईत ज्या गोष्टीविरुद्ध त्यांनी तक्रार केली होती, तीच भंडाऱ्यात करायला ते तयार नव्हते.

निकाल वरच्या पहिल्या हिशेबासारखाच लागला. अशोक मेहता जिंकले. बाबासाहेब बोरकरांकडून आठ हजारांच्या आसपास मतांनी हरले. शेकाफेच्या माणसांनी मेहतांना दिलेली मतं मेहतांच्या पेटीत पोहोचली. मेहतांच्या मतदारांची सगळी मतं बाबासाहेबांच्या पेटीत पोहोचली नाहीत. हे जातीने अडवलेलं मत होतं, असं मी स्पष्ट म्हणेन. मेहतांनी प्रचारात कुचराई केली असा अर्थ त्यातून काढू नये. युती नेते करतात, पडद्याआड मतदार एकटा असतो.

6. राखीव जागा कुणाची?

इथे मुळाचा प्रश्न येतो. राखीव जागेचा खासदार कुणी निवडायचा? दोन रीती आहेत. स्वतंत्र मतदारसंघात त्या समाजाचेच लोक आपला प्रतिनिधी निवडतात. संयुक्त मतदारसंघात उमेदवार त्या समाजाचा असतो, पण निवडतात सगळे. ग्रामपंचायतीत महिलांसाठी राखीव असलेल्या प्रभागात उभ्या बाया राहतात, मतं मात्र पुरुषही देतात. ही झाली संयुक्त रीत.

गोलमेज परिषदेत बाबासाहेबांनी स्वतंत्र मतदारसंघ मागितले आणि ब्रिटिश सरकारने ते दिले. त्याविरुद्ध गांधीजींनी येरवड्याच्या तुरुंगात उपोषण सुरू केलं आणि 24 सप्टेंबर 1932 रोजी पुणे करार झाला. जागा वाढल्या, पण मतदारसंघ संयुक्त झाले. अस्पृश्यांचा खरा विश्वास ज्याच्यावर आहे तो पडेल आणि बहुसंख्यांना चालणारा निवडून येईल, ही बाबासाहेबांची भीती होती. भंडाऱ्यात बावीस वर्षांनी ती त्यांच्याच नावावर खरी ठरली.

जगात दुसरीकडे काय चाललं होतं? पश्चिम आफ्रिकेतल्या सेनेगलचं उदाहरण घेण्यासारखं आहे. फ्रेंच वसाहत असूनही सेनेगलचे प्रतिनिधी पॅरिसच्या संसदेत बसत. ब्लेझ द्यान हे 1914 मध्ये तिथे निवडून गेलेले पहिले काळे आफ्रिकी. 1945 मध्ये फ्रान्सची नवी घटना लिहायला जी सभा बसली, तिच्यासाठी सेनेगलला दोन जागा होत्या आणि दोन वेगळे मतदारगट होते. फ्रेंच नागरिकत्व असलेल्यांनी लामिन गेये यांना निवडलं. नागरिकत्व नसलेल्यांनी निवडलं लेओपोल्ड सेंगोर यांना. सेंगोर कवी होते आणि भाषेचे जाणकार. त्या सभेत घटनेच्या मसुद्यावर काम करून पुढे 1960 मध्ये ते सेनेगलचे पहिले राष्ट्रपती झाले. गेये यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या 1946 च्या कायद्याने वसाहतींतल्या रहिवाशांना नागरिकत्व दिलं.

सेंगोर आणि आंबेडकर, दोघेही परदेशी विद्यापीठांत शिकलेले, दोघांनीही घटनेवर हात चालवलेला. वेगळ्या गटामुळे सेंगोरांना खेड्यापाड्यातल्या आपल्या माणसांच्या मतावर उभं राहता आलं. पण ती वाटणी वसाहतवाद्यांनी माणसांची प्रत लावण्यासाठी केलेली होती. तिचा मोह धरायचं कारण नाही. आपल्याकडची संयुक्त रीत एका देशाचे नागरिक घडवण्यासाठी होती, तिची किंमत मात्र ज्यांनी आधीच सोसलं होतं त्यांनाच मोजावी लागली. ही किंमत ओळखून मगच संयुक्त मतदारसंघाचं कौतुक करावं.

7. निकालानंतर

बाबासाहेब राज्यसभेत होतेच. ऑगस्ट 1954 मध्ये परराष्ट्र धोरणावरच्या चर्चेत त्यांनी पंचशीलावर कठोर टीका केली. सप्टेंबरमध्ये अस्पृश्यता गुन्हे विधेयकावर बोलले. तो कायदा 1 जून 1955 पासून लागू झाला. डिसेंबर 1955 मध्ये भाषावार राज्यांवरचं त्यांचं पुस्तक आलं. त्यात मराठी मुलखाची चार राज्यं त्यांनी सुचवली होती आणि त्यांतल्या पूर्व महाराष्ट्रात भंडारा होता. प्रत्यक्षात 1 नोव्हेंबर 1956 रोजी विदर्भ मुंबई राज्यात गेला, बालाघाट मध्य प्रदेशात राहिलं आणि बपेऱ्याजवळ राज्याची सीमा आली.

त्याआधी अवघे अठरा दिवस, 14 ऑक्टोबर 1956 रोजी, नागपूरच्या मैदानावर बाबासाहेबांनी आपल्या अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. भंडारा जिल्ह्यातूनही माणसं त्या मैदानावर गेली. ठवरे खटल्यातला प्रश्न आता लाखो लोकांपुढे उभा राहिला. धर्म बदलला तर सवलतींचं काय? बौद्धांना केंद्राच्या अनुसूचित जातींच्या यादीत जागा मिळायला 1990 साल उजाडावं लागलं.

भाऊराव बोरकरांच्या जागेवर 1955 मध्ये अनसूयाबाई बोरकर लोकसभेत गेल्या. अशोक मेहता 1967 मध्ये पुन्हा भंडाऱ्यातून निवडून आले, या वेळी काँग्रेसचे म्हणून. पंचायत राज्याचा फेरविचार करणारी, त्यांच्या नावाने ओळखली जाणारी समिती 1977 ची. दुहेरी मतदारसंघ 1961 च्या कायद्याने बंद झाले आणि दोन मतांचा तो हिशेब कायमचा संपला.

बाबासाहेबांची विधिमंडळातली आणि संसदेतली भाषणं महाराष्ट्र शासनाने खंडरूपाने छापली आहेत. मुंबई विधिमंडळासाठी दुसरा खंड, मजूर सदस्याच्या कामासाठी दहावा आणि कायदामंत्री व विरोधी सदस्य म्हणून केलेल्या कामासाठी पंधरावा. जयंतीला मिरवणूक काढणाऱ्या प्रत्येक गावाच्या वाचनालयात हे तीन खंड असायला हवेत. तुमच्या गावात नसतील, तर ग्रामसभेत मागणी करा आणि ठराव लिहून घ्या.